रेघ मारलेलं वर्तुळ

बामीआत्या कशाने वारल्या, एवढाच प्रश्न होता. त्याला घरतांच्या हॉलमध्ये एकाच वेळी दोन उत्तरं आली. धर्मराजकाका म्हणाले, "काविलीनं." विपुल म्हणाला, "बाळंतपणात." मग चुलता-पुतण्या एकमेकांकडे बघत राहिले. सोफ्यावर मांडी घालून बसलेल्या मालतीबाईंनी पदर सारखा केला आणि त्या खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. उलव्याच्या गावठाणावरून जाणारी विमानं त्यांना विमानतळ सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यातच जुनी झाली होती.

सुचिताने पोह्यांची बशी पाहुणीपुढे सरकवली. सासरी वातावरण तापलं की ती काहीतरी वाढायला घ्यायची. बावीस वर्षांत या सवयीने तिला बऱ्याच भांडणांतून सुखरूप बाहेर काढलं होतं.

पाहुणी म्हणजे ईश्वरी. वाशीच्या हॉस्पिटलातली समुपदेशक. डॉक्टर जे पाच मिनिटांत सांगून मोकळे होतात, ते लोकांच्या घरी बसून तासभर समजावायचं, असं तिचं काम. तिच्या मांडीवरच्या टॅबलेटवर घरतांच्या चार पिढ्या झाडासारख्या पसरल्या होत्या. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे बाई, ज्याचं नाव लाल त्याची तपासणी बाकी, आणि ज्याच्यावर तिरकी रेघ तो माणूस गेलेला. गोटीराम, सुचिताचे सासरे, सहा वर्षांपूर्वी झोपेत गेले, त्यांच्या चौकोनावर रेघ. विपुलचा धाकटा भाऊ मारुती लहानपणीच बुडाला, त्याच्यावर रेघ. आणि गोटीराम-धर्मराज या भावांच्या शेजारी एक वर्तुळ, रेघ मारलेलं, त्याखाली लिहिलेलं: बामीबाई, वय एकोणीस, मयत, निपुत्रिक.

"तरुण वयात कोणी गेलं असेल आणि कारण दिलं नसेल, तर प्रोग्रॅम तिथे अडतो," ईश्वरी म्हणाली. "म्हणून विचारते. कावीळ लिहू की बाळंतपण?"

"निपुत्रिक म्हणजे बाळंतपण कसं?" सुचिताच्या तोंडून निघून गेलं.

विपुलने तिच्याकडे असं पाहिलं, की तिने बशी पुन्हा उचलली.

खरं म्हणजे हे झाड सुचितानेच हॉस्पिटलला दिलं होतं. पाच महिन्यांपूर्वी ऋषी, तिचा एकुलता एक, मर्चंट नेव्हीच्या मेडिकलला गेला. छातीचा आलेख निघाला, तिथल्या डॉक्टरांनी पाहिला आणि ठीक आहे म्हणाले. मशीनला जोडलेल्या संगणकाला मात्र तो ठीक वाटला नाही. दर ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा तयार व्हायला जो वेळ लागतो तो या मुलाला किंचित जास्त लागतोय, असं त्याने पडद्यावर लाल अक्षरात दाखवलं. त्यावरून रक्त तपासायला गेलं, जनुकं वाचली गेली आणि निदान हातात आलं. एरवी या दोषाने काहीच होत नाही. धावताना, आणि त्याहून जास्त पोहताना, असं हृदय एकाएकी बंद पडू शकतं. रोज एक गोळी घ्यायची आणि पाण्यात उतरायचं नाही, एवढा उपाय. ऋषीचं जहाज गेलं ते गेलंच. मग विपुलचं रक्त तपासलं, तिथेही तेच निघालं. त्या दिवसापासून सुचिताला घरात एका जागी बसवत नव्हतं. नवरा आणि मुलगा झोपले की ती दोघांच्या छातीवरचं पांघरूण हलतंय का ते बघून यायची, आणि मग स्वतःवरच चिडायची.

एकाला सापडलं की त्याच्या रक्ताच्या सगळ्यांना तपासायचं, अशी हॉस्पिटलची पद्धत. त्यासाठी नावं, जन्मसालं, कोण कधी गेलं, सगळं हवं होतं. सुचिता सीवूड्सच्या एका शाळेत हेडक्लार्क. अर्धवट भरलेला फॉर्म पुढे पाठवणं तिच्या रक्तात नव्हतं. तिने कपाटातून साडेबारा टक्क्यांची फाइल काढली. शहर वसवायला सरकारने गावाच्या जमिनी घेतल्या आणि बदल्यात साडेबारा टक्के जमिनीचा भूखंड दिला, तेव्हा प्रत्येक घराने वारसांची वंशावळ शपथेवर लिहून दिली होती. घरतांची १९९४ची. शिक्का, तिकिटं, सह्या, सगळं जागच्या जागी. सुचिताने ती स्कॅन करून पाठवली. प्रोग्रॅमने अर्ध्या मिनिटात वाचून तिचं झाड केलं. ईश्वरीने फोन करून तिचं कौतुकही केलं होतं, इतकी पद्धतशीर माहिती सहसा कोणी देत नाही म्हणून.

"आजी, तुम्ही सांगा," ईश्वरी आता मालतीबाईंकडे वळली. "तुमच्या नणंद ना या? पाण्यात तर नाही ना गेल्या?"

उत्तर आलं ते ऋषीकडून. तो इतका वेळ आतल्या दाराला टेकून मोबाईल बघत उभा होता.

"कोण, बामीआजी? ती रबाळ्याला असते की."

वरून एक विमान गेलं आणि त्याचा आवाज विरेपर्यंत सगळ्यांनी त्याचाच आधार घेतला.

"तू आत जा रे," धर्मराजकाका म्हणाले.

"तिची नात प्राची माझ्या ज्युनिअर कॉलेजात आहे, वाशीला. अकरावीत," ऋषी जागचा न हलता म्हणाला. "तिनेच मला सांगितलं, तुझे आजोबा आणि माझी आजी सख्खे भाऊबहीण. म्हणाली, घरी बोलू नकोस. तुमच्या घरात आमची आजी मेलेली आहे."

सुचिताला सगळ्यात आधी काय आठवलं असेल, तर पितृपक्षातली पानं. दर वर्षी सासऱ्यांचं पान, आजेसासऱ्यांचं पान, मारुतीचंसुद्धा एक छोटं पान. लग्न होऊन आली तेव्हा तिला सांगितलं होतं, एक आत्या होती, ती तरुणपणीच गेली. त्या आत्याचं पान कधी वाढलं गेलं नाही, आणि सगळ्यांच्या फॉर्मांतल्या चुका काढणाऱ्या बाईला हे एकदाही खटकलं नाही.

"मी बाहेर थांबू का थोडा वेळ?" ईश्वरीने विचारलं.

"बस तू," मालतीबाई पहिल्यांदा बोलल्या. "चहा पी."

धर्मराजकाका उठून उभे राहिले. बहात्तरीतही ताठ माणूस. विपुलच्या रेती-खडीच्या धंद्यात निम्मा भाग त्यांचा, आणि घरातल्या शब्दात पाऊण. "म्याडम, हे आमचं घरातलं हाय. तवाची गोष्ट. जिचं लगीन झालं ती पोर दुसऱ्या घरची, अशीच पद्धत व्हती. सगल्या गावानं लिवलं तसं आमी लिवलं."

"लग्न झालेली आणि मेलेली यात फरक असतो, काका," सुचिता म्हणाली.

"तो कागदाला नसतो," काका म्हणाले. ते थट्टेने बोलत नव्हते.

ईश्वरीने टॅबलेट बंद केला नाही. "तुमच्या जमिनीशी मला काही देणंघेणं नाही, खरंच. पण मग हे झाड चुकीचं आहे. बामीबाई जिवंत असतील तर त्यांची तपासणी व्हायला हवी. त्यांना मुलं असतील तर त्यांचीही."

"एक मुलगा. त्याची प्राची," ऋषी म्हणाला. "आणि ती स्विमर आहे."

ईश्वरीचा कप बशीत जरा जोरात टेकला.

"जिल्ह्यात पहिली आली होती. रबाळे नाक्यावर तिचा बॅनर लागलाय एवढा मोठा. उद्या सकाळी नऊला वाशीत फायनल आहे तिची." ऋषीचा आवाज खाली आला. "गेल्या महिन्यात प्रॅक्टिस करून बाहेर आली आणि काठावरच पडली. कोच म्हणाले, उपाशी आली असशील. मला तेव्हा... मला वाटलं माझं पप्पांकडून आलंय, म्हणजे आपल्याच घरातलं. तिला माझं सांगितलंच नाही मी. नेव्ही हुकली ते कुणाला सांगायचं नव्हतं."

सुचिताने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही, यावरून पोराची काय अवस्था आहे ते तिला कळलं.

"मग तुम्हीच त्यांना फोन करा ना, मॅडम," विपुल म्हणाला.

"आम्हाला करता येत नाही. पेशंटची माहिती आम्ही दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही, नातेवाइकांनाही नाही. हे घरच्यांनीच सांगायचं असतं." ईश्वरीने ऋषीकडे पाहिलं. "आणि सोमवारपर्यंत थांबा असं मी म्हणणार नाही."

इथून पुढे तासभर जे झालं त्याला चर्चा म्हणणं म्हणजे चर्चेचा अपमान. काकांचं म्हणणं सरळ होतं. त्या प्रतिज्ञापत्रावर त्यांची सही आहे, गोटीरामची आहे. त्या कागदावर भूखंड मिळाला, भूखंडावर सात मजल्यांची इमारत उभी राहिली, त्यात लोकांनी घरं घेतली. उद्या बामी वकील घेऊन उभी राहिली तर त्या सगळ्यांच्या डोक्यावर टांगती तलवार. "आनि ती राहील उभी. का नाय राहनार? मी असतो तर राहिलो असतो."

त्यांनी एक तोडही काढली. हृदयतपासणीचं फुकट शिबिर आहे, उद्या सकाळीच आहे, असं कुणाकरवी तरी रबाळ्याला कळवायचं. नाव नको, गाव नको. पोरीची तपासणी होईल आणि आपलीही झाकली मूठ राहील.

"काका बरोबर बोलतायत," विपुल म्हणाला. "किंवा कोचला मेसेज टाकू. दुसऱ्या नंबरवरून."

सुचिता नवऱ्याकडे बघतच राहिली. तीन महिने हा माणूस रोज रात्री तिचा हात धरून म्हणत होता, सुचिता, वेळेवर कळलं म्हणून वाचलो आपण. त्याला रक्त द्यायला नेताना हेच काका म्हणाले होते, कशाला मशीनच्या नादी लागता, आणि विपुल त्यांच्याशी भांडला होता. आज जमिनीचं नाव निघाल्याबरोबर गडी पुन्हा काकांच्या ओसरीत.

"अनोळखी नंबरच्या मेसेजवर फायनल कोण सोडतं?" ती म्हणाली. "ऋषीला असा मेसेज आला असता तर तू काय केलं असतंस? स्पॅम म्हणून उडवला असतास."

"तू यात पडू नकोस. तुला आमच्या गावकीतलं कळत नाही."

"कळत नाही म्हणूनच तर तुमचा खोटा कागद खरा समजून पाठवला मी. तीन महिने मशीन त्या कागदावर विश्वास ठेवून बसलंय, आणि मी मशीनवर. ती पोरगी रोज पाण्यात उतरतेय, विपुल. माझ्या सहीने."

"तुझा काय दोष त्यात?"

"नाहीच आहे. मग आता गप्प बसले तर होईल."

काकांनी ऋषीला मध्ये घ्यायचा प्रयत्न केला, तुझ्याच नावावर व्हनार हाय सगलं, म्हणून. ऋषी म्हणाला, मला नको. अठरा वर्षांच्या मुलाने नको म्हणायला काही लागत नाही, असं काका म्हणाले, आणि ते अगदीच चूक नव्हते. आवाज चढत गेले. सोफ्याखालचं मांजर उठून गेलं.

या सगळ्यात ईश्वरी मालतीबाईंजवळ सरकून बसली होती. तिला संध्याकाळी अजून एक घर करायचं असावं; तिने हळू आवाजात पुढचा प्रश्न घेतला. सुचिता भांडत होती तरी तिचा एक कान तिकडे होता.

"आजी, हे मारुती. वय अकरा. बुडून गेले असं लिहिलंय. दोनच गोष्टी विचारते. त्यांना पोहता येत होतं?"

"नाय," मालतीबाई म्हणाल्या. "आमच्या घरातल्या पोरांना गुडग्याच्या वर पान्यात जाव देत नाय. माझ्या सासऱ्याचा भाव गेला, मग सासरा गेला. घरत्यांच्या पोरांना पानी मागतं. पोरींना नाय मागत." मग स्वतःच ते खोडून त्या म्हणाल्या, "येत व्हतं. बामीनं शिकवलं. सुट्टीत रबाल्याला ऱ्हायला न्यायची ती त्याला. मना न सांगता शिकवलं. बेस पोवायचा, बोलली."

"बुडताना त्यांनी हाक मारली? हातपाय मारले? कोणी पाहिलं होतं?"

मालतीबाईंचे हात मांडीवर होते. ते एकमेकांत अडकले.

"बामी व्हती काठाला. खदानीत पानी साचतं ना तितं, धुनं धूत व्हती. ती बोलली, वैनी, त्यानं हाक नाय मारली. हात नाय मारलं. पोवता पोवता उगा रायला आनि मग खाली गेला. मी बोलले, खोटं बोलतंस तू. तुजं लक्ष नव्हतं. बुरनारा पोर हात मारत नाय, असं कुटं असतं का?"

"असतं, आजी," ईश्वरी म्हणाली. "या आजारात असंच असतं. आधी हृदय थांबतं. बुडणं मागाहून."

मालतीबाईंनी ते ऐकलं. मग त्यांनी ईश्वरीला पुन्हा सांगायला लावलं, आणि तिने तेच पुन्हा सांगितलं. भांडण कधी थांबलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळे मालतीबाईंकडे बघत होते. पस्तीस वर्षांपूर्वीचं पोर त्या बाईच्या चेहऱ्यावर आत्ता बुडत होतं, आणि तिला जाऊन धरावं की नाही हे सुचिताला समजेना.

"विपुल, गाडी बाहेर कार," मालतीबाई म्हणाल्या.

"वैनी, नीट इचार करा," काका म्हणाले. "भावाची सही हाय त्या कागदावर."

"तुमची सही हाय, त्यांची हाय. पन तलाठ्यानं इचारलं बहीन कुटं असते, तवा तुमी दोगं भाव खाली मान घालून बसला व्हता. मी आतून बोलले, ती मेली, लिवा मयत. तुमाला जमीन पायजे व्हती. मना ती मेलेली पायजे व्हती." त्यांनी पायात चपला सरकवल्या. "तुमी पन चला, नायतर ऱ्हावा. आनि उद्या ती सुई घ्या टोचून. चौकोनात तुमचं पन नाव लाल हाय."

काका राहिले.

गाडीत विपुल चालवत होता, ऋषी त्याच्या शेजारी, मागे दोघी. पामबीचला शनिवारची गर्दी होती. विपुल प्रत्येक सिग्नलला बोटांनी स्टीअरिंग वाजवत होता. नेरूळ गेल्यावर तो म्हणाला, "आत्या केस करेल का, आई?"

"मी कर बोलले तर करील," मालतीबाई म्हणाल्या. "नको बोलले तर पन करील. लहानपनापासून तशीच हाय." मग बराच वेळ त्या नुसत्या खिडकीची काच खाली-वर करत राहिल्या. सुचिताने त्यांचा हात धरला तेव्हा तो गार होता. बावीस वर्षांत सासूचा हात तिने असा धरला नव्हता.

रबाळे नाक्यावर बॅनर खरंच होता. गळ्यात तीन पदकं घातलेली, ओल्या केसांची एक मुलगी, आणि तिच्या भोवती तिच्याहून मोठे फोटो छापून घेतलेले नऊ शुभेच्छुक. नाक घरतांचं होतं. मालतीबाईंनी मान वळवून बॅनर दिसेनासा होईपर्यंत पाहिला.

बामीबाईंचं घर गावठाणातच, खाली हे आणि वर भाडेकरू. दिवे नुकतेच लागले होते. ओट्यावर एक बारीक चणीची म्हातारी सूप घेऊन सुकट निवडत बसली होती. गाडीतून कोण उतरतंय ते तिने पाहिलं. तिचा हात सुपातच राहिला.

"कोन गेलं?" तिने विचारलं.

पस्तीस वर्षांनी माहेरची माणसं दारात आली, तर दुसरं काय समजणार?

"कोन नाय गेलं," मालतीबाई खाली उभ्या राहूनच म्हणाल्या. "कोन जाव नये म्हनून आले."

बामीबाईंनी सूप बाजूला केलं. ती जागा बसायला होती की नाही ते त्यांनी सांगितलं नाही, पण मालतीबाई चढून तिथेच बसल्या. प्राचीचा बाप रबाळ्याच्या कारखान्यात सेकंड शिफ्टला होता. प्राची आतून आली, ट्रॅकपँटमध्ये, खांद्याला पोहण्याची बॅग; उद्याचं सामान भरत होती बहुतेक. ऋषीने तिला अंगणात बाजूला नेलं आणि मोबाईलवर स्वतःचा रिपोर्ट दाखवायला लागला. त्याचं बोलणं सुचिताला ऐकू आलं नाही. तिचं मात्र आलं.

"ऋषी, फायनल आहे उद्या. सोमवारी करते ना टेस्ट. वर्षभर सकाळी चारला उठतेय मी."

"मीपण सहा वर्षं नेव्ही नेव्ही करत होतो," ऋषी म्हणाला.

"तुला सापडलंय. मला काही सापडलेलं नाही."

ते बरोबरच होतं. तिच्यात असेल किंवा नसेल. सुचिताने पुढे होऊन काठावरच्या त्या चक्करबद्दल विचारलं, तर पोरगी म्हणाली, तुम्ही कोण?

ओट्यावर दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे न बघता बोलत होत्या.

"मना ठाव हाय मी मेले ते," बामीबाई म्हणत होत्या. "पोरानं जमिनीचे कागद कारले तवा कललं. एकोनीस वर्साची मेले. पोर पन नाय झालेला. माजा नवरा बोलला, मंग हा पोर कोनाचा गो, आनि मी इतकी वर्सं कोनाच्या हातचं जेवतोय?" त्या जराशा हसल्या. "धर्मानं केलं, मना वाटलं. जमिनीपायी केलं."

"मी केलं," मालतीबाई म्हणाल्या. "मी बोलले, लिवा मयत."

बामीबाईंनी आता मान वळवली.

"पोर गेला व्हता माजा," मालतीबाई म्हणाल्या. "आनि तू बोललीस हात नाय मारलं. मी बोलले खोटं. बामी, ते खरं व्हतं. आज डाक्टरीन आलेली घरी. तिला कोनी काय सांगितलं नव्हतं. तिनंच इचारलं, हात मारलं का. बोलली, या दुखन्यात मारत नाय. आपल्या घरत्यांच्या रगतात हाय ते. आदी काळीज थांबतं."

सुपातली एक सुकट बामीबाईंनी उचलली, पाहिली आणि परत ठेवली.

"मी बोलले व्हते ना," त्या शेवटी म्हणाल्या.

"बोलली व्हतीस."

"कोनी मानलं नाय. मग दोनेक वर्सांनी मी पन नाय मानलं. बोलले, बामी, तूच खोटारडी हाय. धुन्यात डोलं व्हतं तुजं. पोरानं हाक मारली आसल आनि तुना आयकू नाय आली. रोज कपरं धुताना मना ती हाक आयकू यायची, वैनी. त्यानं मारली नव्हती ती." त्यांनी पदराने नाक पुसलं. "पन पान्यात मीच नेला त्याला. ते तर हायच."

"ते हाय," मालतीबाई म्हणाल्या. त्यांना ते नाही म्हणता आलं असतं. त्या म्हणाल्या नाहीत, आणि बामीबाईंनीही तशी अपेक्षा केली नाही.

मग बामीबाईंनी अंगणात हाक मारली. "प्राची. ती पिशवी इकरं आन."

"आजी, फायनल—"

"आन बोलले."

पोरगी रडवेली होऊन आली. बामीबाईंनी बॅग घेतली, ओट्यावर ठेवली, आणि उठून तिच्यावर बसल्या. सत्तर वर्षांची म्हातारी, वजनाने बॅगेपेक्षा फार जास्त नसेल. पण ती तिथून उठणार नाही हे अंगणातल्या प्रत्येकाला कळलं. प्राची पायरीवर बसली आणि तिने गुडघ्यात डोकं घातलं. ऋषी तिच्या बाजूला बसला. आपलं जहाज गेलं त्या दिवशी कोणी काही बोललेलं त्याला आवडलं नव्हतं, म्हणून तो काही बोलला नाही.

सुचिताने ईश्वरीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. उद्या सकाळी प्राचीचा आलेख काढता येईल का, तिने विचारलं. येईल, ईश्वरी म्हणाली. त्यासाठी आजीची आणि नातीची नोंद झाडात हवी. तिने नाव विचारलं, जन्मसाल विचारलं, मुलांची नावं विचारली. बामीबाई बॅगेवरून एकेक सांगत होत्या. मग ईश्वरी अडली.

"एक राहिलं. आधीच्या कागदात या मयत आहेत. तो प्रतिज्ञापत्राचा कागद असल्यामुळे प्रोग्रॅम मला नुसतं बदलू देत नाही. ही दुरुस्ती कोणी सांगितली, त्यांचं पूर्ण नाव टाकावं लागेल."

विपुलच्या खिशातला फोन थरथरायला लागला. काकाच असणार. त्याने खिशावर हात ठेवला, फोन काढला मात्र नाही. सुचिता बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात विपुलने तिच्याकडे पाहिलं. तू नको, असं ते बघणं होतं, आणि त्यानेच घसा साफ केला. पण त्याच्या आधी मालतीबाई पुढे वाकल्या. मोबाईलवर लांबून बोललेलं ऐकू जातं यावर त्यांचा कधीच विश्वास नव्हता, म्हणून त्या अगदी तोंड जवळ नेऊन, एकेक शब्द सुटा करत बोलल्या.

"मालतीबाई गोटीराम घरत. लिव. बामी जिती हाय. माज्या म्होरं बसलीय, नातीच्या पिशवीवर."